तिसरा रकाना

इंग्रजी वैद्यकीय शब्दांची ग्रीक सूची करतेय असं सांगितलं की मराठी मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर येतं, "त्यात काय करायचंय? ते शब्द मुळात ग्रीकच ना!" मलाही सुरुवातीला काम सोपं वाटावं अशीच अपेक्षा होती. मी फार्मसी शिकलेली, ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीला आल्यावर ग्रीक शिकले आणि औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं तपासू लागले. पुढे वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने तीन रकान्यांची सूची मागितली: इंग्रजी, आजची ग्रीक, प्राचीन ग्रीक.

दुसरा रकाना आधी घेतला. तिथे कळलं की आजच्या ग्रीकमध्येच दोन भाषा नांदतात. पत्रकात गोळीला 'दिस्किओ' म्हणतात, म्हणजे छोटी चकती. माणसं मात्र 'खापी' म्हणतात, आणि तो शब्द तुर्कीतून आलाय. यकृताला डॉक्टर 'ईपार' लिहितात, खाटकाच्या दुकानात आणि घरात ते 'सिकोती'. पातळ थर दिलेल्या गोळीचं अधिकृत नाव तर 'एपिकालिमेनो मे लेप्तो इमेनिओ दिस्किओ'! मी ते शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, गोळी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "चावायची की गिळायची?" पत्रकाने सांगायला हवं ते नेमकं एवढंच होतं. त्याच आजी रक्तदाबाबद्दल बोलताना "माझी पिएसी चढली" म्हणतात, आणि मधुमेहाला 'झाखारो', म्हणजे साखर. आपल्याकडे "मला बीपी आहे, शुगर आहे" म्हणतात तसंच. म्हणून दुसऱ्या रकान्याचे मी दोन भाग केले, दवाखान्याचा आणि घरचा. गटाला हे आवडलं नाही, रुंदी वाढते म्हणाले. मी हटले नाही. रुग्ण ज्या शब्दाने आजार सांगतो तो सूचीत नसेल तर ती सूची कुणासाठी?

इंग्रजीतून उलटं येताना काही शब्द सरळ उलट्या अर्थाने अंगावर येतात. 'एम्पथी', म्हणजे दुसऱ्याच्या भावना समजून घेणं, हा इंग्रजी शब्द १९०९ मध्ये एका जर्मन शब्दासाठी ग्रीक तुकडे जोडून घडवला गेला. आजच्या ग्रीकमध्ये 'एम्बाथिया' म्हणजे आकस, द्वेष. 'डॉक्टरांनी रुग्णाशी एम्पथीने वागावं' हे वाक्य घाईत उतरवलं तर काय होईल ते सांगायला नको. इथे 'एन्सिनेस्थिसी' लिहायचं.

खरी कसोटी तिसऱ्या रकान्याची. पहिला वाद, कुठली प्राचीन ग्रीक? प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिस याच्या नावावरचे ग्रंथ आयोनियन बोलीत आहेत, तिथे आजाराला 'नूसोस' म्हणतात. अथेन्सकर 'नोसोस' म्हणत. रोमन काळातला ग्रीक वैद्य गॅलेन त्यांच्या पाच-सहा शतकांनंतरचा. वूडहाउसचा १९१० चा इंग्रजी-ग्रीक कोश हाताशी होता, पण तो अथेन्सच्या लेखकांपुरता, वैद्यांचे शब्द त्यात कमीच. शेवटी गॅलेनचं वळण धरायचं ठरवलं. कारण साधं होतं: त्याचं लेखन प्रचंड आहे, शब्द सापडण्याची शक्यता जास्त. लिडेल-स्कॉट-जोन्सच्या मोठ्या प्राचीन ग्रीक-इंग्रजी कोशात शब्द बघायचा, मग मूळ उताऱ्यात जाऊन तो तिथे काय करतोय ते वाचायचं. कोशातला इंग्रजी अर्थ उचलायचा नाही, हा नियम मीच घातला आणि त्यानेच काम लांबलं.

तो का घातला ते 'लेप्रसी'च्या ओळीवरून कळेल. इंग्रजी शब्द 'लेप्रा'वरूनच आलाय, तेव्हा कुणीही तिसऱ्या रकान्यात 'लेप्रा' लिहून मोकळं होईल. पण जुन्या ग्रीक वैद्यांची 'लेप्रा' म्हणजे खवले धरणारा त्वचाविकार. ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याचं वर्णन गॅलेन आणि कप्पाडोकियाचा (आजच्या तुर्कस्तानातला भाग) ग्रीक वैद्य आरेतायस यांच्याकडे आहे, पण 'एलेफास' किंवा 'एलेफान्तिआसिस' या नावाने, कारण कातडी हत्तीसारखी होते. मग ज्यू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात एका हिब्रू शब्दासाठी 'लेप्रा' आला आणि त्याला अशुद्धतेचा डाग चिकटला. पुढे अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले. अरबीत 'हत्तीचा रोग' म्हणजे सुजलेला पाय, तोच जो आपण हत्तीरोग म्हणून ओळखतो. त्यामुळे 'एलेफान्तिआसिस' हे नाव पायाकडे गेलं आणि कुष्ठरोगाला 'लेप्रा' उरलं. क्रीटजवळच्या स्पिनालोंगा बेटावर १९०३ ते १९५७ पर्यंत ज्यांना ठेवलं गेलं, त्यांच्यावर शिक्का 'लेप्रा'चाच होता. आज डॉक्टर 'हान्सेनचा आजार' म्हणणं पसंत करतात, या रोगाचा जंतू शोधणाऱ्या डॉक्टरच्या नावावरून. म्हणजे दुसऱ्या रकान्यात 'लेप्रा' आणि हान्सेन, तिसऱ्यात 'एलेफास'; आणि खाली हत्तीरोगाच्या ओळीत दुसऱ्यात 'एलेफान्दिआसी', तिसरा रिकामा. गटातल्या एकाने फोन करून विचारलं, ओळी उलटसुलट झाल्यात का? नव्हत्या झाल्या.

'व्हायरस'ला आज 'इओस' म्हणतात. शब्द अस्सल प्राचीन आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ विष, सापाचं वगैरे. लॅटिन 'व्हायरस', ग्रीक 'इओस' आणि आपलं 'विष' एकाच मुळाचे, आणि आपणही 'विषाणू'च म्हणतो, त्यामुळे इथे मला मोह झाला होता. तरी तिसऱ्या रकान्यात तो लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल गॅलेनला विषाणू माहीत होते. रिकामा ठेवला. देवी रोगाचं आजचं नाव 'एव्लोगिया', आशीर्वाद या शब्दावरून आलेलं. आजाराला गोड नाव देऊन शांत करायची रीत 'देवी आल्या' म्हणणाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही. प्राचीन नाव? इसवी सनपूर्व ४३० मध्ये अथेन्सला जी साथ आली तिचं इतिहासकार थ्युसिडिडीसने बारकाईने वर्णन केलंय, ती देवीची होती असं मानणारे आहेत, दुसरं मानणारेही आहेत. तोही रिकामा.

गटाला मात्र रिकामे चौकोन नको होते. ग्रीक भाषा जोडशब्दांना इतकी मोकळी आहे की हवं ते घडवता येतं, तेव्हा घडवा, असं त्यांचं म्हणणं. घडवता येतं हे खरंच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपण घडवलेला शब्द गॅलेनच्या शब्दाशेजारी त्याच टाइपात छापून देणं मला पटेना. तडजोड अशी झाली की घडवलेले शब्द वेगळ्या परिशिष्टात, आणि मधुमेहासारख्या ओळींना टीप. 'दिआबेतेस' आरेतायसकडे आहे: न शमणारी तहान, अखंड लघवी, मांस विरघळून लघवीवाटे जातंय असं त्याचं वर्णन. गोडीचा उल्लेख त्यात नाही. आपल्या 'मधुमेह' शब्दातच जी गोडी आहे ती त्याच्या वर्णनात नसल्याने, साखरेचा मधुमेह आणि साखर नसलेला मधुमेह (फक्त तहान आणि लघवी वाढते तो वेगळा विकार) असे दोन्ही त्याच्या एका शब्दात बसू शकतात, एवढंच टिपेत लिहिलं.

सध्या डोळ्यांच्या पानावर आहे. मोतीबिंदूला आज 'काताराक्तिस', प्राचीन रकान्यात 'ह्युपोख्युमा', तिथे वाद नाही. काचबिंदूला आज 'ग्लाव्कोमा' आहे, पण गॅलेनचा 'ग्लाउकोमा' भिंगाच्या बिघाडाविषयी बोलतो, म्हणजे मोतीबिंदूच्या जवळ जातो, डोळ्यातल्या दाबाविषयी नाही. आणि हिप्पोक्रॅटिसच्या सूत्रांत त्याच घराण्यातला एक शब्द म्हातारपणच्या तक्रारींत, ऐकू कमी येण्याच्या जोडीला दिलाय. मी त्या ओळीत 'मोतीबिंदूची ओळ पाहा' असं लिहून पान पाठवलंय. उद्या फोन येईलच.