अंतरपाट, अक्षता, मंगलाष्टक: लग्नात घरची हौस कुठे करायची

स्टेजमागचा फुलांचा पडदा भाड्याचा असतो. सकाळी एका लग्नात, संध्याकाळी दुसऱ्याच्या रिसेप्शनला. त्यावर नवरा-नवरीच्या नावाची पाटी लावली म्हणून तो आपला होत नाही. मराठी लग्नात माणसं ज्या वस्तू प्रत्यक्ष हातात धरतात त्या मोजक्या आहेत: अंतरपाट, हार, मुंडावळ्या, अक्षता, ओवाळणीचं ताट, मंगलाष्टकांचा कागद. वेळ आणि पैसा या वस्तूंवर घालावा असं आमचं ठाम मत आहे. यातलं बरंच काम घरच्या घरी, दोन महिने आधी सुरू केलं तर आरामात होतं.

अंतरपाटापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पाहुणे समोर बसतात, वधूवर एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि अंतरपाट दोघांच्या मध्ये धरला जातो. म्हणजे समोर बसलेल्यांना अंतरपाटाची फक्त कड दिसते. नक्षी पाहतात ती दोनच माणसं, एक या बाजूनं आणि एक त्या बाजूनं. हे लक्षात न घेता एकाच बाजूला भरतकाम केलं, की नवरीला मोर दिसतो आणि नवऱ्याला त्या मोराच्या मागचे गाठी-धागे. म्हणून कापड दुहेरी घ्या. दोन्ही बाजूंचं काम वेगवेगळं करून घ्या, मग पाठीला पाठ लावून शिवा. हवं तर दोन बाजूंना दोन नक्ष्या असू देत: त्याच्याकडे तिच्या माहेरची, तिच्याकडे त्याच्या घरची.

दुसरी चूक नक्षीच्या उंचीची. शिंपी कापडाची घडी घालून बरोबर मध्य काढतो आणि तिथे नक्षी बसवतो. प्रत्यक्षात अंतरपाटाची वरची कड दोघांतल्या उंच माणसाच्या डोळ्यांच्या वर धरावी लागते, नाहीतर तो पलीकडे सहज पाहतो. मग कापडाचा मध्य येतो पोटाशी, आणि तिथे तर दोघांनी हार धरलेले असतात. स्वस्तिक असो, नावं असोत की चित्र, मुख्य नक्षीचा मध्य वरच्या कडेपासून 12 ते 14 इंचांवर घ्या. खालच्या भागात नुसती बुट्टी किंवा काठ पुरे.

तयार माप 60 इंच रुंद आणि 42 इंच उंच ठेवलं तर बहुतेक जोड्यांना पुरतं. 44 इंच पन्ह्याचं कापड एका बाजूला पावणेदोन मीटर लागतं, म्हणजे दोन्ही मिळून साडेतीन. जाडसर सुती कापड किंवा मटका सिल्क उत्तम. चंदेरी दिसतं सुरेख, पण एकेरी चंदेरीतून उजेडात पलीकडचा चेहरा दिसतो. जरदोसी, मणी, आरसे यांनी वजन वाढतं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत हात वर धरून उभं राहणारे बहुधा साठीतले मामा किंवा काका असतात. कापड मध्ये झोळीसारखं लोंबू लागतं ते यामुळेच. वरच्या कडेला दोन इंचांची नळी शिवून त्यात हलकी लाकडी काठी घातली की हा प्रश्न संपतो. काठी कापडापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच लांब हवी, धरायला. लग्न लॉनवर असेल तर खालच्या शिवणीत वजनाची पट्टी घाला, नाहीतर वारा अंतरपाट उचलून थेट होमाकडे नेतो. घुंगरू मात्र नकोत, माइकजवळ फार वाजतात.

नावं भरून घेणार असाल तर कारागिराला मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवू नका. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, ‘श्री’चं ‘श्‌री’ होतं आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. हव्या त्या अक्षरात छापलेला, खऱ्या मापाचा कागद हातात द्या आणि पहिलं अक्षर भरून झाल्यावर फोटो मागवा. हाताच्या भरतकामात अक्षर दोन इंचांपेक्षा लहान नको. अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळून जातात.

स्वस्तिक कुंकवानं काढायचं असेल तर कापडाला खळ द्या. खळ नसलेल्या सुती कापडावर ओलं कुंकू धाग्याधाग्यातून पसरतं आणि दहा मिनिटांत स्वस्तिकाच्या रेघा फुगतात. कुंकू थेंबाथेंबानं पाणी घालत दाट कालवा, आदल्या रात्रीच काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. पुढे डाग पडला म्हणून लिंबू चोळू नका. हळदीच्या कुंकवाचा लाल रंग चुन्यासारख्या अल्कलीमुळे येतो, आंबट लागलं की तो पिवळा पडतो.

हारांबद्दल थोडक्यात. मंगलाष्टकं चालू असताना दोघांनी ते हातात धरायचे असतात, त्यामुळे जाडजूड हार फोटोत शोभला तरी मनगटं भरून येतात. रंगात बुडवलेली निशिगंधाची फुलं नकोत. पाणी शिंपडलेल्या हारातून तो रंग शालूवर उतरतो आणि निघत नाही. पांढरा निशिगंध आणि गुलाब पुरेसे आहेत.

मुंडावळ्या मोत्यांच्या असतील तर माप फेटा बांधल्यावर घ्या, नुसत्या कपाळाचं नाही. बांधायला नायलॉनचा दोरा केसांवरून घसरतो, सुती किंवा रेशमी दोरी घ्या आणि दोन्ही टोकं गाठीनंतर वीतभर उरू देत. बाजूच्या लोंबत्या सरी कानशिलापाशी सुरू झाल्या पाहिजेत. डोळ्यांकडे सरकल्या की वाकल्याबरोबर डोळ्यांवर येतात आणि मग पूर्ण विधीभर नवरी त्या मागे सारत राहते.

अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. म्हणून कणी असलेला तांदूळ नको, निवडूनच घ्या. माणशी 15 ग्रॅम धरले तर एक किलो साठ-पासष्ट जणांना पुरतो. तीनशे पाहुण्यांना पाच किलो. एका किलोला दोन चमचे पातळ तूप आधी चोळा, मग दोन चमचे हळद किंवा कुंकू, आणि सुती कापडावर सावलीत रात्रभर पसरा. पाण्यात कालवून रंगवलेला तांदूळ वाळताना तडकतो. तूप जास्त झालं तर दाणे तळहाताला चिकटतात आणि मुंग्या लागतात. कुंकवाच्या अक्षता कितीही वाळवल्या तरी थोडा रंग सोडतात, त्यामुळे नवरीची साडी फिकी असेल तर हळदीच्याच करा. वाटायला सुबक कागदी पुड्या करतात, पण डिंकानं चिकटवलेली पुडी एका हातानं उघडत नाही. नुसती दुमडलेली बरी. हॉलची फरशी गुळगुळीत असेल तर पहिल्या रांगेपुढे सतरंजी हवीच, सांडलेल्या तांदळावर म्हातारी माणसं घसरतात. गुलाबपाकळ्या वापरणार असाल तर पसरट टोपल्यांत पातळ थर ठेवा. खच्चून भरलेल्या पाकळ्या आतून गरम होऊन काळ्या पडतात.

रुखवतात सप्तपदीचा सजवलेला संच हल्ली सर्रास दिसतो. टेबलावर तो छानच दिसतो, पण तोच उचलून होमापाशी मांडायचा असेल तर थर्मोकोल, जाळीचं कापड आणि गोंद यांतलं काहीही त्यात नको. तिथे तुपाचे शिंतोडे आणि ठिणग्या उडतात. प्रत्येक पावलाला विड्याचं पान, तांदळाची रास, वर सुपारी, भोवती रांगोळीची एक बारीक रेघ, एवढंच मांडा. दोन राशींत नऊ-दहा इंच अंतर पुरे, नऊवारीत पाऊल मोठं पडत नाही.

आता मंगलाष्टक. स्वतःच्या घरचं म्हणता येईल असं यापेक्षा जवळचं दुसरं काही नाही, आणि खर्च शून्य. आत्या किंवा मावशी हौसेनं लिहितात, पण गाताना अडखळतात, कारण अक्षरं मोजलेली असतात आणि लघु-गुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चार, मोजलेले नसतात. नेहमीची चाल शार्दूलविक्रीडित या वृत्ताची: ओळीत 19 अक्षरं, गण (तीन-तीन अक्षरांचे लघु-गुरूंचे गट) म स ज स त त आणि शेवटी एक गुरू (ग), बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. शेवटच्या ओळीतलं ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे सात अक्षरांचं, यतीनंतरची जागा ते पूर्ण भरतं. म्हणजे त्या ओळीत तुम्हाला फक्त 12 अक्षरं लिहायची आहेत:

वैदेही वरिते महेश-वर हा, कुर्यात् सदा मंगलम्

‘वैदेही’ तीन गुरू, म्हणून ओळीच्या तोंडाशी बसली. ‘गायत्री’ही तिथेच बसते, कारण पुढच्या जोडाक्षरामुळे ‘य’ गुरू होतो. ‘समिधा’ दोन लघु आणि गुरू, ती चौथ्या अक्षरापासून. ‘महेश’, ‘अमेय’ सातव्यापासून. ‘आदित्य’ आणि ‘ओंकार’ यतीनंतर लगेच, म्हणून त्यांना पहिल्या तीन ओळींत घ्या. ‘सायली’ ओळीच्या अगदी शेवटी येते. ‘निखिल’ अवघड, कारण सलग तीन लघु फक्त नववं, दहावं आणि अकरावं या जागी येतात, आणि त्याला जोडून एक गुरू हवा: ‘निखिल हा’. नाव बसत नसेल तर ते ओढूनताणून दीर्घ करू नका, जागा बदला. चारही ओळींत आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावं कोंबली की कविता राहत नाही, यादी होते. वधूवरांची दोन नावं आणि घरातली एखादी खरी खूण, गावची नदी, अंगणातला प्राजक्त, एवढं भरपूर.

एक कडवं म्हणायला पाऊण ते एक मिनिट लागतं. घरच्यांची किती होणार तो आकडा भटजींना आधी सांगा, कारण शेवटचं ‘सावधान’ मुहूर्ताच्या मिनिटाला यायला हवं आणि त्यांना त्या हिशेबानं मागे मोजून सुरुवात करावी लागते. कडवं जाड कागदावर मोठ्या अक्षरांत, यतीच्या जागी उभी रेघ मारून छापा. मोबाइलवरून वाचू नका: ऐन तिसऱ्या ओळीला कुणाचा तरी ‘हॉल कुठे आहे?’ म्हणून फोन येतो.