द्राक्षबागेतली गांधीलमाशी

डिपिंगचे, म्हणजे द्राक्षांचे घड संजीवकात बुडवायचे दिवस सुरू झाले की दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या दवाखान्यात बागांवरचे मजूर रोज येतात. कुणाचं बोट कात्रीने कापलेलं, कुणाचे हात खाजून लाल झालेले. त्या दुपारी मात्र टेम्पो थेट दारात येऊन थांबला आणि दोघीजणी तिसरीला काखेत धरून चालवत आणायला लागल्या. "चालवू नका तिला, आडवी करा!" मी ओरडलेच. बीपी खाली गेलेल्या माणसाला उभं केलं की हृदयाकडे येणारं रक्त आणखी कमी होतं. तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो.

मुलगी पेठकडची, पंचविशीच्या आतबाहेरची. मांडवात घडाला हात घालताना गांधीलमाशी मानेला डसली. अंगावर गांधी उठल्या, तेव्हा पित्त समजून बायकांनी आमसुलाचं पाणी चोळलं. मग वाटेत एका ठिकाणी 'अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन' दिलं, म्हणजे खाजेवरचं एव्हिल आणि डेक्सा हे स्टिरॉइड, आणि पुढे पाठवून दिलं. आमच्याकडे पोचली तेव्हा ओठ टम्म सुजलेले, आवाज घोगरा, छाती सूं सूं वाजतेय. वरचं बीपी 70. मनगटाला नाडी लागेना.

हे अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे अख्ख्या अंगावर उलटलेली, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी. सिस्टरने अ‍ॅड्रेनालिनची कुपी फोडली. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असतं. त्यातलं अर्धं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल दिलं. पाय उशीवर उंच, ऑक्सिजन, सलाईन जोरात. पाच मिनिटांनी बीपी 80 वर, घशाची घरघर तशीच. दुसरा डोस दिला. त्यानंतर मात्र मनगटाची नाडी माझ्या बोटाखाली हळूहळू भरत गेली.

एव्हिलने खाज कमी होते, गांधी बसतात. सुजलेला घसा त्याने मोकळा होत नाही, बीपी वर येत नाही. डेक्साचा परिणाम दिसायला तर तास जातात. रक्तवाहिन्या आवळणं, सूज उतरवणं आणि श्वासनलिका उघडणं ही तिन्ही कामं मिनिटांत करणारं औषध अ‍ॅड्रेनालिनच. ही कुपी काही रुपयांना मिळते. तरी हात आधी एव्हिलकडेच जातो, याचा मला खरंच संताप येतो.

बाहेर बाकावर मुकादम घाबरून बसले होते. "मॅडम, गाजरगवत फुललं की मला शिंका येतात. माझंपण असं होईल का?"

म्हटलं, दादा, तुमची अ‍ॅलर्जी नाकाची आहे, ती त्रास देते पण अशी जिवावर सहसा उठत नाही. अधूनमधून शिंका आल्या तर सेट्रिझिनची गोळी पुरते. नाक रोजच चोंदत असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा लागतो, आणि तो नेमाने मारला तरच काही दिवसांनी गुण येतो. छातीतून आवाज यायला लागला तर मात्र दम्याची तपासणी करून पंप घ्यायचा, लाजायचं नाही. एकदम जिवावर बेतते ती बहुतेक खाण्याची, औषधाची नाहीतर माशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी.

संध्याकाळी नवरा तिला घरी न्यायला आला. लेकरं लहान, एकटी होती. तरी मी सोडलं नाही. ही प्रतिक्रिया काही तासांनी परत उलटू शकते. रात्रभर दर अर्ध्या तासाने सिस्टर बीपी बघत होती.

सकाळी तिचा एकच प्रश्न होता, "कामावर जाऊ का मॅडम?" हंगाम बुडाला तर वर्षाचं काय, हे मलाही कळत होतं. मांडवातली गांधीलमाश्यांची पोळी काढेपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं. काही आठवड्यांनी डंखाची तपासणी करायला अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. अ‍ॅड्रेनालिनच्या दोन कुप्या आणि सिरिंजा तिच्या नावाने लिहून दिल्या. सिरिंजवर अर्ध्या मिलिलिटरची खूण केली आणि नवऱ्याला व मुकादमांना मोसंबीत पाणी टोचून सराव करायला लावला. टोचलं की लगेच 108 ला फोन करायचा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात यायचंच, हे दोघांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

त्याच आठवड्यात मालकांनी अंधार पडल्यावर माणसं लावून मांडवातली सगळी पोळी काढली. ती आता पॅकिंगच्या शेडमध्ये काम करते. सिरिंजची पिशवी तिथेच खिळ्याला टांगलेली असते.