हुर्राकचा ग्लास मागवताना

मार्च उजाडला की गोव्यातल्या गल्लीबोळातल्या बारच्या दारात पुठ्ठ्यावर किंवा फळ्यावर हाताने लिहिलेली पाटी लागते: हुर्राक आहे. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडूपासून काढलेली हलकी, मोसमी दारू. पहिला पाऊस पडला की ती पाटी निघते. पुण्या-मुंबईहून गेलेली बरीच मंडळी या पाटीखालून आत जातात आणि बिअर मागवतात. काही जण हुर्राक मागवतात, पण दोन घोट घेऊन 'हे तर गोड सरबत आहे' किंवा 'वास सहन होत नाही' म्हणून ग्लास बाजूला सारतात. दोष हुर्राकचा क्वचितच असतो, ग्लास कसा भरला त्याचा असतो. मोसम जेमतेम तीन महिन्यांचा, म्हणून हे नीट माहीत असलेलं बरं.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. दारू बनते ती बोंडूपासून, म्हणजे बीच्या वर असलेल्या लाल-पिवळ्या रसाळ फळापासून. बोंडू झाडावरून तोडायचा नसतो. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलाच उचलायचा, कारण कच्च्या बोंडूत साखर कमी आणि तुरटपणा जास्त असतो. बी पिरगळून वेगळी करतात, बोंडू पायांनी तुडवतात किंवा यंत्रात चिरडतात आणि रस साधारण तीन दिवस आंबू देतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, फळाबरोबर आलेलंच काम करतं. हा आंबलेला रस भट्टीवर चढवून पहिल्या धारेचं जे निघतं तो हुर्राक, साधारण 15 टक्के अल्कोहोलचा. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा भट्टीवर चढवलं की फेणी. बाटलीबंद फेणीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. हुर्राकच्या वाट्याला तसं काही आलेलं नाही, तरी उन्हाळ्यात गोव्याचा माणूस आधी त्याचंच नाव घेतो.

चुरलेल्या बोंडूवर वजन ठेवल्यावर जो शेवटचा स्वच्छ रस ठिबकतो त्याला नीरो म्हणतात. त्यात दारू नसते आणि तो त्याच दिवशी सकाळी प्यायचा असतो. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. सकाळी कुठे मिळाला तर सोडू नका, पण संध्याकाळी कुणी नीरो म्हणून काही पुढे केलं तर घेऊ नका.

आता ग्लास. उंच, निदान 300 मिलीचा हवा. त्यात मोठे बर्फाचे खडे वरपर्यंत, मग 90 मिली हुर्राक, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि सगळ्यात शेवटी थंडगार लिम्का, साधारण 120 मिली, ग्लासच्या कडेने. चमच्याने तळातून एकदाच वर उचलायचं, ढवळत बसायचं नाही.

हा क्रम हवा तसा बदलता येत नाही. मीठ शेवटी टाकलं तर प्रत्येक कणाभोवती लिम्कामधला वायू गोळा होऊन फेस उसळतो, अर्धा ग्लास टेबलावर सांडतो आणि जे उरतं त्यातला फसफसपणा गेलेला असतो. म्हणून मीठ हुर्राकात आधी विरघळवायचं. मिरचीचे गोल काप केले तर बिया सुट्या होऊन घोटाबरोबर घशाला लागतात. देठ तसाच ठेवून उभी चीर दिली की बिया आत राहतात आणि मिरचीचा वास तेवढा पेयात उतरतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त उतरतो, म्हणून पाच-सात मिनिटांनी ती बाहेर काढून बशीत ठेवा. नाहीतर ग्लासचा तळ पिताना कानातून धूर निघेल. बर्फाचा चुरा घातला तर आणखी घात होतो. व्हिस्कीत थोडं पाणी वाढलं तरी ती तग धरते. हुर्राक मुळातच 15 टक्क्यांचा, चुरा दहा मिनिटांत वितळतो आणि मग खरंच नुसतं गोड सरबत उरतं.

लिम्का कोमट असेल किंवा अर्ध्या तासापूर्वी उघडलेल्या मोठ्या बाटलीतली असेल तर तीच गत. छोटी बंद बाटली टेबलावर मागवा आणि स्वतः ओता. चांगल्या बारमध्ये पात्रांव, म्हणजे बारचा मालक, स्वतःच ती बंद आणून तुमच्यासमोर उघडतो. गोड नको असेल तर अर्धी लिम्का, अर्धा सोडा. नुसत्या सोड्याबरोबर हुर्राक मला कोरडा वाटतो. त्याच्या फळाच्या वासाला थोड्या साखरेचा आधार लागतो.

मिश्रण करण्याआधी बोटभर हुर्राक तसाच मागवून वास घ्या. त्यात कुणी वावगं मानत नाही. पिकलेल्या बोंडूचा, थोडा अननसासारखा वास आला पाहिजे. व्हिनेगरसारखा आंबट झणका आला तर रस भट्टीवर चढायला उशीर झाला होता. करपट वास आला तर आच जास्त लागून भांड्याच्या तळाला गाळ धरला होता. आणि वास फारसा येतच नाही पण घसा मात्र जळतो, तेव्हा त्यात दुसरंच काही मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन थेंब तळहातावर चोळा. अल्कोहोल उडून गेल्यावर मागे काजूचा वास रेंगाळला तर माल चांगला. बारमध्ये हुर्राक बहुधा लेबल नसलेल्या बाटलीत येतो, त्यामुळे तुमच्या नाकाखेरीज दुसरी खात्री नाही. 'खंयच्या भट्टेचो?' एवढं कोंकणीत विचारून पाहा. ज्याला गावाचं नाव सांगता येतं, त्याने माल बघून घेतलेला असतो.

किती प्यायचा, याचा हिशेब सोपा आहे आणि तो न केल्यानेच पुढची फजिती होते. 90 मिली हुर्राकात साधारण साडेतेरा मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 30 मिली फेणीत तेरा मिलीच्या आसपास. पाच टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये साडेसोळा. म्हणजे एक ग्लास हुर्राक एका छोट्या पेगाएवढा. चवीला तो इतका हलका असतो की तासाभरात चार ग्लास कधी संपले ते कळत नाही आणि बाहेर ऊन पस्तीस अंशांचं असतं. दर ग्लासमागे एक ग्लास साधं पाणी पिऊन घ्या. भाड्याची स्कूटर घेऊन आला असाल तर पिणाऱ्याने चावी हातात घेऊच नये. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पणजीच्या साओ तोमे भागातल्या जोझेफ बारसारख्या जागा इतक्या छोट्या की माणसं ग्लास घेऊन गल्लीतच उभी राहतात. दुसरीकडे आसगावात जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांमधून बार आणि रेस्टॉरंट निघाली आहेत, तिथे फेणीच्या कॉकटेलची वेगळी पानं मेनूत असतात. मला दोन्ही आवडतात. नव्या जागांनी फेणीला पंचतारांकित माणसाच्या टेबलावर नेलं, हे मोठं काम आहे. पण तिथे एक चूक वारंवार दिसते, ती कोकमाची. कोकमाचं आगळ आणि कोकमाचं सरबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला घट्ट, आंबट-खारट रस, साखर अजिबात नसलेला. सरबताचा पाक गोड. कॉकटेलमध्ये आगळाच्या जागी पाक गेला की फेणीचा उग्र वास आणि साखर मिळून औषधी काढ्याची चव येते. उलट आगळ वापरूनही बारवाल्याने ग्लासच्या काठाला मीठ लावलं तर पेय खारट होतं. म्हणून विचारायचं: आगळ की सरबत? आगळ असेल तर मीठ नको म्हणून सांगायचं. 45 मिली फेणी, 15 मिली आगळ, 10 मिली साखरेचा पाक, थोडं लिंबू आणि 100 मिली सोडा हे प्रमाण सहसा चुकत नाही. दूध, नारळाची मलई असलं काही फेणीत घातलेलं मला पटत नाही. तिचा वास तुपकट होतो.

माडाची फेणी मिळाली तर तीही एकदा चाखा. ती नारळाच्या सुरापासून, म्हणजे माडीपासून बनते, दक्षिण गोव्यात जास्त, आणि वासाला काजूपेक्षा सौम्य असते. ज्यांना काजूची फेणी नाकाला झोंबते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

खाण्याचं मात्र सैल सोडू नका. हुर्राक आंबट-गोड, तेव्हा बरोबर खारट, कुरकुरीत आणि थोडं तेलकट हवं. माझी पहिली मागणी सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या किसमुरीची: सुकी सुंगटं कोरडी भाजून चुरायची, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट, थोडा चिंचेचा कोळ किंवा कोकम. कालवायची ती टेबलावर आणायच्या क्षणी. आधी कालवून ठेवली तर कांद्याला पाणी सुटतं आणि सुंगटं मऊ पडतात. बशीच्या कडेला गुलाबी पाणी दिसलं तर ती सकाळची आहे.

दुसरी मुडदुशी, रवा लावून तळलेली. मासा पुसून कोरडा केला नसेल तर रवा पिठासारखा लिबलिबतो, तवा पुरेसा तापला नसेल तर रवा तेल पितो. आणि तळलेला मासा झाकणाखाली ठेवला तर वाफेने पाच मिनिटांत सगळं ओलं. चांगल्या रवा फ्रायचा तुकडा मोडला की आवाज येतो आणि बशीत तेलाचं तळं नसतं. माणक्यो, आपल्याकडची माकुल, मागवणार असाल तर 'चड शिजवू नाका' असं आधी सांगा. तेज आचेवर दोन मिनिटं पुरतात. त्यापुढे ती रबर होते.

चोरीस-पाव पोटभरीचा. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेलं सॉसेज. ते बारीक कापून स्वतःच्याच चरबीत कांद्याबरोबर परततात, वरून तेल लागत नाही, मीठ तर नाहीच. भरायला पोई मागा, ती गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ पिशवीसारखी. चरबी तिच्यात मुरते पण ती फाटत नाही. मऊ पाव दोन घासांत चिखल होतो. रेशाद, म्हणजे व्हिनेगरात वाटलेला लाल मिरचीचा मसाला, भरलेला बांगडा उत्तम पदार्थ आहे, पण तो व्हिनेगरने आंबट आणि हुर्राकही लिंबाने आंबट, एकमेकांना मारतात. बांगड्याबरोबर साधी फेणी, पाणी आणि बर्फ घ्या.

शाकाहारी मंडळींनी या मोसमात बिब्यांची भाजी आहे का ते विचारावं. बिबे म्हणजे कोवळे ओले काजूगर, मालवणात ज्यांची उसळ करतात. ज्या झाडाचा बोंडू ग्लासात आहे त्याचंच बी बशीत, आणि दोन्ही एकाच वेळी फक्त याच दिवसांत मिळतात. मसाला जास्त असेल तर काजूचा दुधट गोडवा दबतो, म्हणून कमी मसाल्याची मागा.

जुने बार दुपारी जेवणाच्या सुमारास शटर ओढतात आणि संध्याकाळीच उघडतात. तेव्हा साडेअकरा-बाराला जा किंवा सात वाजता. बिल आलं की खाण्यावरचा जीएसटी आणि दारूवरचा कर वेगवेगळे दाखवलेत का ते पाहा, दारूवर जीएसटी लागत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. काढायला सांगितलं तर काढावा लागतो. पण तो काढून घेतलात तर बर्फ-लिंबू मनापासून आणणाऱ्या पोऱ्याच्या हातात रोख काही ठेवा.

सुटा हुर्राक बाटलीत भरून महाराष्ट्रात आणायच्या फंदात पडू नका. सीमेवर बांदा-इन्सुलीला उत्पादन शुल्काची तपासणी असते, आणि गोव्यातल्या सीलबंद बाटलीवरही 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं. गोव्यातच मुक्काम असेल तर बाटली काचेची घ्या, प्लास्टिकचा वास त्यात उतरतो, आणि फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवा. फेणी काचेत वर्षानुवर्षं राहते. हुर्राकचा बोंडूचा वास मात्र जुलै लागेपर्यंत निम्मा उडालेला असतो.