लेकीच्या शहरातली झाडं : बंगळुरूचा मुक्काम आणि लालबाग

लेकीकडे मुक्कामाला जायचं ठरलं की माझी तयारी कपड्यांपासून नाही, कुंड्यांपासून सुरू होते. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मोगरा, जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता, लिली आणि वाफ्यात आळीपाळीने मेथी-पालक असं सगळं आहे. फेब्रुवारी संपत आला की गच्चीवरचं ऊन लहान कुंड्यांना दोन दिवसही दम धरू देत नाही. शेजारच्या वहिनी लक्ष ठेवतात, पण त्यांच्यावर रोजचा भार नको म्हणून मी दोरीची सोय करते. भरलेली बादली विटांवर उंच ठेवायची, जाड सुती दोरी आधी भिजवून घ्यायची, तिचं एक टोक बादलीच्या तळाशी सोडायचं आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खोचायचं. पाणी दोरीतून झिरपत राहतं. वरून वाळक्या पानांचा चांगला जाड थर दिला की वहिनींना चार-पाच दिवसांनी बादली भरण्यापुरतंच वर यावं लागतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं बंगळुरूला रेल्वेनेच जातो. लेक दर वेळी विमानाचं तिकीट काढून देते म्हणते. पण उद्यान एक्स्प्रेस दिवसाउजेडी पुणं सोडते, दौंड, सोलापूर करत अंधार पडतो, आणि सकाळी डोळे उघडतात ते आंध्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या दगडांच्या मुलखात. हिंदूपूरच्या पुढे रुळांच्या दोन्ही बाजूंना नुसते गोल, उघडे, प्रचंड धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. आमच्या सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना हा करडा-गुलाबी खडक एकदम परका वाटतो. खिडकीशी बसून तो बघत चहा प्यायला मला फार आवडतं. नोकरीत असताना हा प्रवास रात्रीच्या बसने झोपेत उरकायचो.

बरोबर जास्वंदीच्या काड्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, जरा खाली तिरक्या कापलेल्या, शेंड्याची दोन पानं सोडून बाकीची काढलेल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून वर वर्तमानपत्र लावलं की प्रवासात त्यांना काही होत नाही. आईच्या घरून माझ्याकडे आलेली ही लाल जास्वंद आता तिसऱ्या घरी निघाली होती.

मुलांकडे राहायला जाण्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. तिथे आपला दिवस आपण स्वतः आखायला हवा. लेक आणि जावई सकाळी नऊला कामाला लागतात, नात शाळेत जाते, आणि मग ते घर संध्याकाळपर्यंत आपलं असतं. त्या वेळात मुलं कधी मोकळी होतात याची वाट बघत बसलं की आपणही कंटाळतो आणि त्यांनाही अपराधी वाटत राहतं. आपण आपली सकाळ बाहेर काढली, तर संध्याकाळी सांगायला आपल्याकडेही काहीतरी असतं. या वेळी आम्ही ठरवूनच गेलो होतो की हे शहर झाडांवरून ओळखायचं.

सुरुवात मात्र लेकीच्या बाल्कनीपासूनच झाली. तिचं घर नवव्या मजल्यावर आहे. तिथे झाडं जगत नाहीत अशी तिची तक्रार होती, आणि ती उन्हाला दोष देत होती. पहिल्याच दुपारी तिथे खुर्ची टाकून बसले तेव्हा लक्षात आलं की खरा त्रास वाऱ्याचा आहे. उंचावर वारा सतत वाहतो, पानांतलं पाणी झपाट्याने उडतं आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. त्यातून कुंड्या लहान. तुळशीची कुंडी उपडी करून बघितली तर आत माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळांनी गोल गोल फिरून कुंडीचाच आकार घेतला होता. बाहेरची मुळं बोटांनी हलकेच सोडवली, खालचा वाळलेला गुंता कात्रीने काढला, आणि मोठ्या कुंडीत माती, शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड घालून ती पुन्हा लावली. कठड्याच्या बाजूला बोगनवेल आणि अडेनियमसारखी काटक मंडळी, त्यांच्या आडोशाला तुळस आणि पुदिना, अशी मांडणी बदलली. नातीने सगळ्या कुंड्यांवर वाळलेली पानं पसरायचं काम अंगावर घेतलं आणि ते फार मन लावून केलं.

मग लालबाग. मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर लालबाग नावाचंच स्टेशन आहे, तिथून पश्चिमेचं दार अगदी जवळ. आम्ही सकाळी सातच्या सुमाराला पोचलो. फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण २४० एकरांत ती कुठल्या कुठे विरून जाते. १७६० मध्ये हैदर अलीने ही बाग करायला घेतली, टिपूने ती वाढवली, दूरदूरच्या देशांतून झाडं मागवली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. काचघराची पायाभरणी १८८९ ची, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर. प्रदर्शन नसेल तेव्हा हे काचघर रिकामं असतं, आणि मला ते तसंच जास्त आवडलं.

काचघरापेक्षा कितीतरी जास्त वेळ आम्ही पांढऱ्या सावरीपाशी काढला. आपल्याकडच्या लाल फुलांच्या काटेसावरीची ही नात्यातली, पण हिचा थाट वेगळाच. खोड जमिनीला टेकण्याआधीच चहूबाजूंनी पसरत जातं आणि त्याच्या उभ्या फळ्या होतात. दोन फळ्यांच्या मधे खोलगट कोनाडा तयार होतो. त्याची साल हाताला गार लागते, जवळून पाहिली तर तिच्यावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसतात आणि खाचांतून शेवाळ्याची हिरवी रेघ वर गेलेली असते. एवढ्या उंच झाडाची मुळं जमिनीत फार खोल जात नाहीत, म्हणून ते अशा रुंद फळ्यांवर स्वतःला तोलून धरतं. यांना सोसायटीच्या पार्किंगमधल्या झाडांच्या बुंध्याशी काँक्रीट भरतात याचा फार राग आहे. इथे उभं राहून ते बराच वेळ त्याबद्दल बोलत होते, आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

बागेत एक उघडा खडक आहे, टेकडीसारखा. वर बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाच्या चार बुरुजांपैकी एक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केला आहे, कारण तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने घडलेला पट्टेदार खडक आहे. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून परके वाटलेले ते धोंडे आमच्या डोंगरांपेक्षा किती थोरले! सकाळच्या उन्हात खडक कोमट झाला होता. गुडघ्यांना जपून, हातात हात धरून वर गेलो. उतार सोपा आहे, पण पावसात निसरडा होत असणार. वरून शहरातल्या इमारतींच्या मधे गुलाबी ढिगारे दिसत होते. ती फुलांनी भरलेली टॅबेबुयाची झाडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खं शहर त्याने माखलेलं असतं.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. बंगळुरूच्या रस्त्यांवर एक झाड फुलून ओसरतं तोवर दुसरं फुलायला लागतं. टॅबेबुया झाला की नीलमोहर, मग गुलमोहर आणि पीतमोहर. या आखणीचं श्रेय मोठ्या प्रमाणात गुस्ताव क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला दिलं जातं. १८६५ चा जन्म, ड्रेस्डेनजवळचा. लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानात काम केलेला. त्याला हिंदुस्थानात कुणी आणलं? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, १८९३ मध्ये. बडोद्याच्या बागांवर काम करून तो १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आला, लालबागेचा कारभार पाहिला, आणि १९५६ मध्ये बंगळुरूतच वारला. लेकीच्या शहरातली ही फुलांची रांग आपल्या सयाजीरावांपर्यंत जाऊन पोचते हे कळल्यावर मला जो आनंद झाला, तो मी संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला सांगितला. जावयांना शहरात दहा वर्षं होऊनही हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला निघाले आणि वाटेतून त्यांनी एका झाडाचा फोटो पाठवला, ‘आई, हे कोणतं?’ म्हणून. पर्जन्यवृक्ष होता.

लालबागेच्या मुख्य दारापासून जवळच मावळी टिफिन रूम, म्हणजे एमटीआर. १९२४ पासूनची. तिथली रवा इडली खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली इथे सुरू झाली असं ते सांगतात. काजू लावलेली, तुपाची वाटी बरोबर. रांग असते; आपल्याकडे वेळ आहे, उभं राहावं.

शनिवारी नातीला घेऊन पुन्हा लालबागेत गेलो. सावरीच्या कोनाड्यात लपाछपी झाली. निघताना बागेतल्याच रोपवाटिकाधारकांच्या सहकारी संस्थेच्या केंद्रातून सदाफुली, कापूरतुळस आणि एक अँथुरियम घेतलं. पुण्याच्या उन्हाळ्यात अँथुरियम जपणं अवघड जातं, पण बंगळुरू नऊशे मीटरच्या वर असल्याने तिथली हवा त्याला मानवते. ते लेकीच्याच घरी ठेवलं, आतल्या खिडकीपाशी.

नातीची स्वतःची लागवड मात्र भाजीवाल्याकडून आली. टोपलीतल्या एका चौचौला कोंब फुटला होता. ही दुधी-काकडीच्या कुळातली फिकट हिरवी भाजी मूळची मेक्सिकोची. जॉन कॅमेरॉन नावाचा एकोणिसाव्या शतकातला लालबागेचा अधीक्षक होता, बंगळुरात ही भाजी आणण्याचं श्रेय त्याला देतात. तिच्या फळात एकच बी असतं आणि ते फळातच रुजतं, म्हणून बी काढून पेरायचं नाही, अख्खं फळच लावायचं. आम्ही ते मोठ्या कुंडीत आडवं ठेवलं, अर्धं मातीत, अर्धं वर, कोंब मोकळा. ‘आजी, भाजीलाच पेरायचं?’ असं तिने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. आम्ही निघालो तेव्हा कोंबाला तणावे फुटून कठड्याची जाळी धरायला लागले होते. आता ती रोज रात्री फोनवर वीत धरून उंची सांगते.

रविवारी सगळे मिळून नंदी हिल्सला गेलो. शहरापासून साधारण साठ किलोमीटर, उंची १४७८ मीटर. सूर्योदयासाठी जाणाऱ्या गाड्यांची मोठी रांग लागते असं ऐकलं होतं, म्हणून आम्ही आरामात नाश्ता करून निघालो. गांधीजी १९२७ आणि १९३६ मध्ये प्रकृतीसाठी इथे राहिले होते. वर वारा छान आहे, माकडं धीट आहेत, खाऊ पिशवीतच ठेवावा. पण माझं मन रमलं ते पायथ्याच्या भोगनंदीश्वराच्या देवळात. गंग, नोळंब, चोळ, होयसळ, विजयनगर अशा अनेक राजवटींचा हात या देवळाला लागलेला आहे. अरुणाचलेश्वर म्हणजे शिवाचं बालपण, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य, आणि वर डोंगरावरचा योगनंदीश्वर म्हणजे संन्यास, असं तिथे मानतात. मागच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची सुंदर पुष्करणी आहे. चढउतार जवळजवळ नाही, सावली आहे, ओवऱ्यांत निवांत बसता येतं. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर डोंगरावर अर्धा तास आणि इथे दोन तास, असा हिशोब ठेवा. लेक आणि मी पुष्करणीच्या पायरीवर बसून खूप दिवसांनी फक्त आमच्या दोघींच्या गप्पा मारल्या. बाकीचे देवळातल्या खांबांवरचे पोपट शोधत होते.

कुणाला लालबागेत जायचं असेल तर थोडं सांगते. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आणि ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला काचघरात मोठं पुष्पप्रदर्शन भरतं. ते बघण्यासारखं असतं, पण झाडांजवळ शांतपणे उभं राहायचं असेल तर तेवढे दिवस टाळा आणि कामाच्या वारी सकाळी जा. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. आधी खडकावर चढा, ऊन तापायच्या आत. मग काचघर, सावर आणि शेवटी तळं, म्हणजे परतीची वाट सावलीतून होते. बाकं भरपूर आहेत. आम्ही पुढच्या वेळी ऑगस्टमध्ये जाणार आहोत, तोवर चौचौला फळं धरली तर नात पहिलं फळ आमच्यासाठी ठेवणार आहे, आणि जास्वंदीच्या काड्यांपैकी दोघींना पानं फुटल्याचं कालच कळलंय.