हिरवं झालंय, मग अजून काय मोजता?

खाण बंद झाली, ढिगारे सारखे करून वर माती पसरली, झाडं लावली. दोन-तीन पावसाळ्यांत सगळं हिरवंगार दिसायला लागलं. मग तुम्ही दरवर्षी तिथे जाऊन काय मोजता? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण दुरून पाहणाऱ्याला काम संपल्यासारखंच वाटतं.

माझं उत्तर असं, की न लावता काय उगवलंय ते मी शोधत असते. लावलेल्या झाडाला खड्डा, खत, आळं, पाणी सगळं मिळालेलं असतं. त्याच्या जगण्यात जमिनीचा वाटा किती आणि माणसाचा किती, ते सांगता येत नाही. पण त्याच झाडाचं बी पडून आपसूक रुजलेलं, एक उन्हाळा काढलेलं रोप सापडलं, तर ती जमिनीची कमाई.

ही मोजणी गुडघे टेकूनच करावी लागते. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवायची. आतली किती जमीन गवताने झाकली आहे, किती पालापाचोळ्याने, किती उघडी, ते टिपायचं. मग एकेक जात ओळखायची. दोन बीजपत्रं अजून गळाली नाहीत अशी रोपं वेगळी मोजायची, ती याच हंगामातली. एखादं रोप वाळल्यासारखं दिसलं तर खोडाची साल नखाने हलकेच खरवडून पाहायची. आत ओलसर हिरवा थर असेल तर रोप जिवंत आहे. चौकटीची जागा आधीच चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवून घ्यायची, नाहीतर हात नकळत हिरव्या जागेकडेच वळतो. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच हंगामात परत यायचं. आणि शेजारी न खणलेली जमीन असेल तर तिथेही हीच मोजणी करायची, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळतं.

उपग्रह आहेत ना, असंही विचारतात. आहेत, आणि मी ते रोज वापरते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची छायाचित्रं १९७२ पासूनची आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय मोहिमेचे दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात आणि त्यांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा असतो. पानं लाल प्रकाश शोषतात आणि जवळचा अवरक्त प्रकाश परावर्तित करतात; त्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. कुठला उतार मागे पडतोय हे त्यावरून झटकन कळतं. पण बाहेरून घुसलेलं तण माजलं तरी आकडा चढतोच, आणि त्या तणाखाली गुदमरणारं बोटभर रोप दहा मीटरच्या ठिपक्यात दिसणं शक्य नाही.

रोपं न येण्याची कारणंही जमिनीवरच सापडतात. खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असेल तर हवा-पाण्याने त्याचं आम्ल होतं, ओघळांवर तांबूस-नारिंगी डाग दिसतात आणि तिथे बी रुजत नाही. दुसरं कारण दबलेली माती. अमेरिकेत १९७७ च्या खाणपुनर्वसन कायद्यानंतर अ‍ॅपलाचियन डोंगरांत उतार यंत्रांनी घोटून गुळगुळीत केले आणि वर दाट गवत पेरलं. धूप थांबली, पण मुळांना आत शिरायला वाट राहिली नाही आणि जंगल अडून बसलं. पुढे तिथल्याच वनतज्ज्ञांनी वरचा सुमारे सव्वा मीटरचा थर सैल सोडायला सांगितलं.

त्याच कायद्यातली एक तरतूद मात्र मला फार मोलाची वाटते. वनस्पती टिकवण्याची जबाबदारी खाणवाल्यावर पाच वर्षं, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे दहा वर्षं. ही वर्षं मोजायची ती शेवटचं जादा बी, खत, पाणी दिल्यानंतर. झाड लावल्याच्या दिवसापासून हिशेब धरला तर कागदावर सगळ्याच जमिनी सुधारतात. म्हणून नव्या जागेची फाइल हातात आली की पाणी कधी बंद केलं ती तारीख मी सर्वांत आधी मागते, आणि ती मिळत नसेल तर आधीच्या वर्षांची जगलेल्या झाडांची टक्केवारी बाजूला ठेवून मोजणी नव्याने सुरू करते.