एक तुमचा, दोन संघटनेचा

आमची संघटना लहान. तालुक्यात सगळे मिळून दीड-पावणेदोनशे सभासद, बहुतेक खासगी माध्यमिक शाळांतले, त्यातही अंशतः अनुदानित शाळांतले जास्त. स्वतःचा उमेदवार उभा करण्याची ना ऐपत ना हौस. पण विधान परिषदेच्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की मोठमोठ्या संघटनांच्या गाड्या आमच्याकडे वळतात. या मतदारसंघात २०२३ ला मतदार होते फक्त सुमारे ३९ हजार, आणि तेही नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांत विखुरलेले. विधानसभेच्या हिशेबाने हे काहीच नाही, म्हणून इथे शे-दीडशे मतांचा गठ्ठाही लोक हात जोडून मागतात.

१५ जानेवारी २०२३, रविवार. त्या वर्षी संक्रांत त्याच दिवशी आली होती. कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरवायची सभा आमच्याच शाळेच्या दहावी ब च्या वर्गात होती आणि मॅडम मंडळी घरचं हळदीकुंकू संध्याकाळवर ढकलून आली होती. मतदान ३० तारखेला. अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ ला संपणार होती. रिंगणात शेवटी कोण राहील, कोणता पक्ष कुणाच्या मागे उभा राहील, काहीच नक्की नव्हतं. महाविकास आघाडीतल्याच एका पक्षाच्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी खरोखर अर्ज मागे घेतला.

मी गणिताचा शिक्षक, म्हणून पसंतीक्रमाचं मतदान समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. हे दरवेळी सांगावं लागतं. इतकी शिकलेली माणसं, पण या निवडणुकीत बाद मतं ढिगाने निघतात. मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, बटण नसतं. नावासमोर पसंतीचा आकडा लिहायचा, पहिल्याला १, पुढच्याला २ असा, तोही केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेननेच. अक्षरात ‘एक’ लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली की बाद. सही केली की बाद. एक हा आकडा कुठेच नाही आणि दोन, तीन आहेत, तरी बाद.

सकाळी चार उमेदवारांच्या बाजूने भाषणं झाली. एक उमेदवार स्वतः आले होते, बाकीच्यांची माणसं. कोण कोण ते इथे लिहीत नाही. मी फळ्यावर ते ज्या क्रमाने बोलले त्या क्रमाने अ, ब, क, ड लिहिलं. ‘अ’ चा सगळा जोर जुन्या पेन्शनवर. ते साहजिकच होतं. तेव्हा १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, आणि त्याआधी लागूनही ज्यांची शाळा तोवर शंभर टक्के अनुदानावर आली नव्हती, त्यांनाही नाही म्हणत होते. आदल्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात सरकारने जुनी पेन्शन देणार नाही असं सांगितलं होतं, आणि हिमाचलात त्याच मुद्द्यावर गाजलेली निवडणूक सत्ताधाऱ्यांनी गमावली होती. ‘क’ चा माणूस मात्र विनाअनुदानित शाळांच्या धरण्यांमधला. त्याला भाषण करता येत नाही. कागद बघून आकडे वाचले आणि बसला.

सचिवांनी उभं राहून सांगितलं, जिल्ह्याचं मत ‘अ’ कडे आहे, आपणही तेच जाहीर करू, आणि सगळ्यांनी फक्त एक लिहायचा. दोन नाही, तीन नाही.

हे ऐकलं की माझ्यातला गणितवाला उठतो. जागा एकच असते तेव्हा तुमची दुसरी पसंती तुमच्या पहिल्याला कधीच नडत नाही. ती उघडलीच जाते तुमचा पहिला बाद झाल्यावर. तोवर ती झाकलेली. मग लिहायची का नाही? मी म्हटलं, आपण इथेच मतदान करून बघू.

झेरॉक्सच्या चिठ्ठ्या वाटल्या. जांभळं स्केचपेन टेबलावर ठेवलं. एकेकाने कपाटाच्या आडोशाला जाऊन आकडे लिहायचे आणि खडूच्या खोक्यात टाकायचे. एक्केचाळीस चिठ्ठ्या पडल्या. पाच बाद! एकावर अक्षरी ‘एक’. एकावर सुबक बरोबरची खूण, ती कोणत्या सरांची हे सगळ्या वर्गाला कळलं. एकाने खिशातलं निळं बॉलपेन वापरलं. एकावर दोघांना एक-एक. आणि एकावर खाली सही, तारखेसकट. तीस वर्षं हजेरीपटावर सही करणारा हात, त्याला काय सांगणार.

उरल्या छत्तीस. कोटा म्हणजे निम्मे अधिक एक, एकोणीस. पहिल्या मोजणीत अ चौदा, क अकरा, ब सात, ड चार. सचिव हसले. ड बाद झाला, त्याच्या चारांतली दोन क कडे, एक अ कडे गेलं, एका चिठ्ठीवर पुढचा आकडाच नव्हता, ती संपली. मग ब बाद. ब च्या सातांतली पाच क कडे वळली. एक अ ला, एक संपली. अ सोळा, क अठरा. कोटा कुणीच गाठला नाही, पण शेवटी उरलेल्या दोघांत ज्याची जास्त तो निवडून येतो. जो कागद बघून वाचत होता तो माणूस जिंकला.

वर्गात एकदम कालवा. सचिव म्हणाले, “सर, हे तं खेळ झाला.” मी म्हटलं, खेळ आहेच, पण मतं तुमच्याच लोकांची आहेत.

मग खरी सभा सुरू झाली. इतका वेळ मागच्या बाकावर बसलेला एक तरुण शिक्षक उठला. त्याची शाळा वीस टक्के अनुदानाच्या टप्प्यावर. तो म्हणाला, “पेन्शन पगाराच्या हिशोबानं भेटते ना जी? माझा पगारच वीस टक्के आहे. आधी पगार तं पूर्ण होऊ द्या.” त्यावर दोन वर्षांत निवृत्त होणारे, जुन्या पेन्शनचे हक्कदार असलेले आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले की माझं झालं, मला काही नको, तुम्ही पोरं ठरवा. उदार बोलणं होतं, पण मला ते पटलं नाही. वेतन पथकात कुणाचं पगाराचं बिल अडलं, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढत नाही, नेमणुकीच्या मान्यतेची फाइल शिक्षण उपसंचालकांकडे पडून आहे, अशा वेळी हेच सर पोरांना घेऊन चकरा मारायचे. पोरं मत देताना विचारतात ते त्यांना. परिपत्रकाला कोण विचारतो? त्यांनीच हात झटकले तर शिफारशीत राहिलं काय?

मी पुन्हा दुसऱ्या पसंतीवर आलो. आपण फक्त एक लिहिला आणि आपला माणूस बाद झाला, तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांत आपण नाहीच. लहान संघटनेला खरी किंमत असते ती दुसऱ्या पसंतीला, कारण ती चारही जण मागायला येतील.

तेव्हा एक मॅडम बोलल्या. त्या सहसा सभेत बोलत नाहीत. त्यांनी दार बंद आहे ना ते बघितलं आणि मग सांगितलं. त्यांच्या संस्थेच्या साहेबांनी स्टाफला बोलावून सांगितलं होतं की पहिली पसंती अमक्याला द्या, आणि शिवाय सहावी पसंती अमुक अपक्षाला, सातवी तमुकाला. शाळेतल्या प्रत्येकाला वेगवेगळी जोडी. मोबाइल आत नेता येत नाही, फोटो काढता येत नाही, मग कुणी कुणाला मत दिलं हे कळणार कसं? असं कळणार. वीसहून जास्त नावांच्या यादीत कुणाही अनोळखी अपक्षाला सहावी आणि दुसऱ्याला सातवी असा क्रम चुकून जुळत नाही. मोजणीच्या टेबलासमोर आपला माणूस बसवला की मतपत्रिका ओळखू येते. साहेबांनी हे खरोखर तपासलं असतं की नुसती भीती घातली होती, मला माहीत नाही. मॅडमना मात्र ती पुरेशी होती. ऑक्टोबरात मतदार नोंदणीचा एकोणीस नंबरचा अर्ज भरताना सेवेचा दाखला याच संस्थेतून आणावा लागला होता, आणि ही मतदारयादी दरवेळी कोऱ्यावरून नव्याने होते. पुढच्या वेळी दाखला अडला तर मतच नाही.

“म्हणून सर, तुम्ही आकडे वाढवू नका,” त्या म्हणाल्या. “एकच लिहिला तर माझी पत्रिका बाकी हजारांसारखीच दिसते.”

फळ्यावरच्या माझ्या गणितात संस्थाचालक धरलेलाच नव्हता. सचिवांचं ‘फक्त एक’ आळशीपणाचं वाटत होतं, त्याला हाही अर्थ होता. सचिवांना तो अभिप्रेत होता का? नसावा. त्यांनी नंतर चहाच्या वेळी मला खरं कारण सांगितलं: दुसरी पसंती जाहीर केली की तो दुसरा उमेदवार गावभर सांगतो, मलाही पाठिंबा आहे, आणि पहिला रुसतो.

ठरता ठरता दुपारचे दोन वाजले. शेवटी जे ठरलं तसं ठरलेलं मी दुसऱ्या कुठल्या संघटनेत पाहिलं नाही. पहिली पसंती ज्याची त्याने. दुसरी पसंती संघटनेची शिफारस म्हणून ‘क’ ला, आणि ज्यांनी क ला पहिली दिली त्यांनी दुसरी अ ला. तिसरा आकडा कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून लिहायचा नाही. एक आणि दोन एवढेच आकडे शेकडो पत्रिकांवर सारखे येतील, त्यात कुणी ओळखू येणार नाही. शाळेत विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं, संघटनेचा आदेश होता, दोनच्या पुढे जायचं नाही. सचिव कुरकुरले, पण पत्र त्यांनीच लिहिलं, आणि खाली मागण्या जोडल्या: टप्पा अनुदान, २००५ पूर्वीच्या नेमणुकांची पेन्शन, अडलेल्या मान्यता.

संध्याकाळपासून फोन सुरू. चारही बाजूंनी. पाठिंबा नाही दिला तर निदान दुसरी पसंती बदला, म्हणून एका प्रतिनिधीने सचिवांना घरी येऊन तिळगूळ दिला. सचिवांनी तो खाल्ला आणि आमचं मागणीपत्र त्याच्या हातात ठेवलं, उमेदवाराच्या सहीसकट परत पाठवा म्हणून. दोघांच्या सह्या आल्या.

३० तारखेला सोमवारी तहसील कार्यालयात मतदान झालं. विभागात ८६ टक्क्यांच्या आसपास. त्या मॅडम बाहेर आल्या तेव्हा बोटावर शाई होती आणि त्या काहीच बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

२ फेब्रुवारीला मोजणी. तिकडे अमरावती पदवीधरमध्ये दुसऱ्या पसंतीच्या फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या. औरंगाबाद शिक्षकमध्येही पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही. आमच्याकडे सुधाकर अडबाले यांनी पहिल्या पसंतीवरच कोटा पार केला, आमदार असलेल्या नागो गाणार यांच्या दुपटीहून जास्त मतं घेऊन. आम्ही एवढा घोळ घालून ठरवलेली दुसरी पसंती कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. सचिवांचा फोन आला तो हसतच.

मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला, १४ ते २० तारखेपर्यंत. त्या आठवड्यात तो वीस टक्केवाला पोरगा सगळ्यात पुढे होता. मी विचारलं, काय रे, तुला तर आधी पगार पाहिजे होता? म्हणाला, “सर, दोन्ही पाहिजे.” सह्यांचं ते मागणीपत्र आजही संघटनेच्या फायलीत आहे. अडलेल्या मान्यतांपैकी काही सुटल्या. टप्प्याचं काम अजून चालू आहे.