फटीतला सिनेमा

विमानात पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून दुसऱ्याचा सिनेमा बघायची मला वाईट खोड आहे. माझ्या स्वतःच्या पडद्यावर काहीही लागलेलं असो, डोळे तिकडेच. आवाज नाही, सबटायटल दिसत नाहीत, सुरुवात हुकलेली. गोष्टीतलं ओ की ठो कळत नाही; पण इथे कुणीतरी मरणार आणि इथे शेवटी लग्न लागणार, एवढं अर्ध्या मिनिटात पक्कं होतं.

बहुतेक उजेडावरूनच कळतं. सगळ्या खोलीभर सारखा, सावलीला थारा न देणारा उजेड असेल, तर कितीही भांडले तरी दोघं एकत्र येणार. आणि खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसाच्या तोंडावर आडव्या पडल्या, की समजावं, हा गोत्यात येणार. तेही बहुधा ज्या बाईवर भाळलाय तिच्यामुळेच. १९४०च्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांची ही देणगी. निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ साली त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा सिनेमा, म्हटलं. सावल्यांचं वेड मात्र त्याआधीचं, जर्मनीतलं. १९२०च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’मध्ये तर सावल्या चक्क ब्रशने सेटवर रंगवल्या होत्या. दिव्यांची भानगडच नको!

याच गुन्हेपटांतला ओला रस्ता मला फार आवडतो. पाऊस नाही, कुणाकडे छत्री नाही, पण रात्रीचा रस्ता लखलखतोय. कित्येक वर्षं मला वाटायचं, गुन्हेगार मंडळी पाऊस ओसरल्याशिवाय घराबाहेर पडतच नसावीत. कारण अगदीच साधं निघालं. कोरडं डांबर उजेड गिळतं आणि पडद्याचा खालचा भाग नुसता काळा ठिक्कर होतो. म्हणून शूटिंगआधी रस्त्यावर पाणी मारतात. मग एकेक दिवा दोनदा दिसतो.

निळ्या रात्रीचंही तसंच. खऱ्या अंधारात फिल्मवर काही उमटेना, म्हणून भर उन्हात निळा फिल्टर लावून, एक्सपोजर कमी ठेवून शूट करायचं आणि त्याला रात्र म्हणायचं. फ्रेंच लोक या युक्तीला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. घोड्यांच्या पायाखाली दुपारच्या ठसठशीत सावल्या, आणि आपण चंद्राला श्रेय देऊन मोकळे! गंमत म्हणजे आताच्या कॅमेऱ्यांना अंधारातलं छान दिसतं, तरी सिनेमातली रात्र बऱ्याचदा निळीच रंगवलेली असते. अडचणीपायी केलेली तडजोड आपण इतक्या वेळा पाहिली, की आता निळं नसलेली रात्रच खोटी वाटते.

वेस्टर्नला, म्हणजे काउबॉयच्या सिनेमाला, तर डोकं लावावंच लागत नाही. मोठं आभाळ, धूळ, टोपी, आणि मांडीपासून वर दिसणारा माणूस, म्हणजे कमरेचं पिस्तूल चौकटीत राहतं. नुसताच चेहरा दाखवला तर हा बंदूकबाज की शाळामास्तर, कळायचं कसं?

खरी कसोटी भयपटाची. भूत दिसल्यावर कुणीही ओळखेल; त्याच्या आधी ओळखायचा तो रिकाम्या जागेवरून. बाई चौकटीच्या एका कडेला, तिच्या खांद्यामागे अर्धा पडदा मोकळा, आणि कॅमेरा हलायला तयार नाही. आपण बाईकडे बघतच नाही, मागच्या उघड्या दाराकडे बघत बसतो. या एका खुणेवर माझा डोळे झाकून विश्वास होता.

मागच्या प्रवासात पुढच्या गृहस्थांनी नेमका असाच सिनेमा लावला. मंद पिवळा दिवा, एका कडेला म्हातारी बाई, शेजारी रिकामी जागा. ती भाजी चिरतेय, जागा रिकामी. पत्र वाचतेय, जागा रिकामी. आता येईल, मग येईल, म्हणून मी पाऊण तास सीटचा हात घट्ट धरून बसले. कॉफी आली ती तशीच गार झाली. दाराआडून कुणी आलं नाही. शेवटी बाईने एक पुरुषी कोट आणला, उन्हात धरून झटकला, आणि त्या रिकाम्या बाजूच्या खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. कॉलर सारखी केली.

पुढच्या गृहस्थांनी हेडफोन काढले आणि शर्टाच्या बाहीने चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.